दोन बिघाडांचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या पाटोद्यातल्या गच्च्यांवर कुरडया वाळायला पडतात आणि मला भीती वाटू लागते. कुरडयांचा त्यात काही दोष नाही. कडुनिंबाचा मोहोर उडत उडत उंबऱ्यापर्यंत येतो, त्याचा गोडसर वास नाकात जातो, दुपारची एखादी वावटळ धूळ फिरवत कोपऱ्यावरून वळते, आणि माझे हात आपोआप थांबतात. कान टेबलाखालच्या कंप्युटरच्या पंख्याकडं लागतात. फिरतोय ना? एकसारखा फिरतोय ना?

पंख्याला काही झालेलं नसतं. पण काही भित्या ऋतूबरोबर येतात, सर्दीसारख्या. ही माझी उन्हाळ्यातली.

त्या उन्हाळ्याला आता चार वर्षं झाली. सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवरा, श्रीकांत, पुण्याला कंपनीत. पाटोद्याच्या घरात मी आणि सासरे असे दोघंच. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी उभी हयात ट्रक-टेंपोच्या गॅरेजात काढली. गाडी फाटकातून आत येतानाच ते आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे, असं लोक अजून सांगतात. मी लग्न होऊन आले तोवर त्यांचे कान गेले होते. इंजिनांनीच खाल्ले म्हणायचे. डाव्या कानाशी ओरडून बोललं तर निम्मं कळायचं, उरलेलं ते ओठांवरून ओळखायचे.

बीडला ज्या टायपिंगच्या क्लासवर मी शिकवायला जात होते, तो त्याआधीच्या हिवाळ्यात बंद पडला. श्रीकांतचं म्हणणं साधं होतं. मे संपला की घराला कुलूप लावू, तू इकडं ये, मामा आष्टीला ताईकडं राहतील. वाईट काहीच नव्हतं त्यात. ताई, माझी नणंद, प्रेमळ, पुणं लांब नाही. कुणी कुणाला नको म्हटलं नाही. मामाही नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी अंगणातल्या नळाची गळती, खिडकीची निखळलेली बिजागरी, न्हाणीची फरशी अशी वर्षानुवर्षं पडलेली कामं काढली. सोडून जायचं घर माणूस इतकं नीट कशाला करत असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असेलही. त्याकडं बघायचं धाडस नव्हतं.

मग एका जुन्या विद्यार्थिनीकडून त्या कामाची बातमी आली. रेकॉर्ड केलेलं मराठी बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, घरी बसून. त्यासाठी एक परीक्षा होती. तीन तास, कॅमेरा चालू ठेवून, पलीकडून कुणीतरी बघत राहणार. मध्येच संपर्क तुटला तर परीक्षा बाद, आणि दुसरी संधी नाही. मला इथंच पैसे मिळू लागले तर घराला कुलूप लावायचं कारण उरणार नव्हतं; मी अर्ज भरला. सोमवार, सकाळी अकरा, अशी वेळ आली. हातात तीन आठवडे होते आणि घरात कंप्युटर नव्हता.

तो आम्ही बनवला. काही भाग बीडच्या दुकानातून आणले, काही श्रीकांतच्या मित्रानं स्वतःच्या मशीनमधून काढून ठेवलेले होते, ते पार्सलनं आले. ओसरीत सतरंजीवर सगळं मांडलं. मामांनी स्वयंपाकघरातून चार वाट्या आणल्या आणि प्रत्येक वाटीत वेगळ्या मापाचे स्क्रू ठेवले. मी फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत सांगायची आणि ते बसवायचे. आयुष्यभर पान्याशी झटलेले ते हात, पण प्रोसेसर त्यांनी पाखराचं पिल्लू धरावं तसा धरला.

"हे इतकुसं?" ते म्हणाले. "इंजन ह्येच का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला. मामांनी डबड्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला. कान गेल्यापासून ते असंच ऐकायचे. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. "चालू हाय," म्हणाले, आणि इतकं खूश मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दोन दिवस ते खरंच चालू होतं. तिसऱ्या दिवशी मी परीक्षेची सरावाची लिंक उघडली. कॅमेऱ्यात माझा चेहरा दिसला, मागं सासूबाईंचा फोटो दिसला, मी खुर्ची सरकवून घेतली आणि टाइप करायला लागले. सतराव्या मिनिटाला पडदा निळा झाला. त्यावर एक रडका चेहरा, खाली इंग्रजीतली एक ओळ, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

मामा शेजारीच होते. "हे रडायलंय कावून?"

"माहीत नाही मामा," मी म्हणाले. दुसऱ्यांदा लावलं, बाराव्या मिनिटाला गेलं. तिसऱ्यांदा, वीस.

लोकांनी सांगितलं, उन्हाळा आहे, तापत असेल. ते पटण्यासारखं होतं, कारण त्या दिवसांत सगळंच तापत होतं. नळाचं पाणी, दाराची कडी, अंथरूण. आम्ही डबड्याची बाजू उघडली, समोर टेबलफॅन लावला, माठाखालची ओली वाळूसुद्धा मामा जवळ आणून ठेवायला निघाले होते, ती मी परत नेऊन ठेवली. पण त्यांनी आत, पंख्याच्या कडेला, हाताची पाठ टेकवली आणि मान हलवली. "ह्याला ताप न्हाई." बरोबर होतं. अठराव्या मिनिटाला ते पुन्हा रडलं.

दुकानदाराला फोन केला. "मॅडम, सगळं पुसून परत टाका," तो म्हणाला. टाकलं. एक अख्खा दिवस गेला. संध्याकाळी पंधराव्या मिनिटाला निळं.

त्या रात्री श्रीकांतचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो मायेनंच म्हणाला, "रोहिणी, इतका ताण नको घेऊस. नाहीतरी जूनपासून तू इकडंच येणार आहेस." मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत राहिले, आधी घासलेलीच.

मग मामांनी ते हातात घेतलं. त्यांचा एक नियम होता, गॅरेजात चेल्यांना शिकवलेला. माझ्यासमोर त्यांनी तो पाठ म्हणावा तसा म्हटला. "बाई, एका टायमाला एकच गोष्ट काढायची. फरक पडला न्हाई तर हाय तशी परत बसवायची, मंग दुसरी काढायची. दोन गोष्टी एकदम हलवल्या की आपल्यालाच कळत न्हाई कशानं काय झालं."

मी एक वही केली. प्रत्येक वेळी किती मिनिटांनी गेलं आणि निळ्या पडद्यावर काय लिहून आलं, ते उतरवायचं. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, एक नवी, एक मित्राच्या मशीनमधली. खोडरबरानं त्यांचे पितळी दात घासले. मग एकच पट्टी ठेवून पाहिलं. गेलं. ती काढून दुसरी एकटी लावली. तरी गेलं. म्हणजे पट्ट्या निर्दोष. दोन्ही परत बसवल्या. वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला, ओळखीच्या एका दुकानातून दिवसापुरता मागून आणून. गेलं. तो परत केला. अकरा दिवस उरले होते, मग नऊ, मग आठ.

शेजारच्या बायका गच्चीवरून हाका मारायच्या, "रोहिणी, ये की, कुरडयांचा चीक गरम हाय तवर खा." मी येते म्हणायची आणि जायची नाही. जेवताना घास तोंडात असताना मी मिनिटं मोजायची. दुपारी वीज जायची तेव्हा उलट बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ ते बिघडू शकत नव्हतं. रस्त्यानं मेंढ्यांचा कळप गेला तरी त्या खुरांच्या आवाजानं मी दचकायची. माणसाला संकट आलं की धीर येतो म्हणतात. संकट येऊ घातलेलं असलं की काय येतं, ते कुणी सांगत नाही. मला नुसता घाम यायचा, तळव्यांना.

एके दुपारी वाचता वाचता मला सापडलं. व्हिडिओ चालू असताना मशीन जास्त वेळा पडतं, म्हणजे इंटरनेट पकडणाऱ्या त्या बोटभर तुकड्यात गोची असू शकते, आणि त्यातही तुकड्यात नाही, त्याच्या ड्रायव्हरमध्ये. मी मामांच्या कानाशी जाऊन ओरडले, "मामा, ड्रायव्हर खराब असेल!"

"डायव्हर?" ते म्हणाले. "ह्याला बी डायव्हर असतो?"

मी समजावलं. प्रत्येक भागाला चालवायला कंप्युटरच्या आत एक सूचनांचा संच असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा काढून जुना घालून बघायचा. ते ऐकत राहिले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटल्यासारखं झालं. मी जुना ड्रायव्हर घातला. आम्ही दोघं समोर बसलो. सतरा मिनिटं गेली. वीस गेली. मी श्वास सोडणार एवढ्यात, तेविसाव्या मिनिटाला, निळं.

"नाही मामा," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. "ड्रायव्हरचाही दोष नाही."

मला वाटलं, आता ते म्हणतील, मग होता तो परत बसव. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण ते तसेच सतरंजीवर बसले, हातात पेचकस. मग बोलले, माझ्याकडं न बघता.

"एक ट्रक हुता. ब्रेक दाबला की डाव्या अंगाला वढायचा. लिंबाजी नावाचा डायव्हर, नांदूरघाटचा. दर खेपंला येऊन सांगायचा, मिस्तरी, गाडी वढतीय. मी ब्रेकचे लायनर बदलून बघितले. फरक न्हाई. जुनेच परत बसवले, नवे कशाला वाया घालायचे. मंग स्टेरिंगचा जॉइंट बदलला. फरक न्हाई. तो बी जुनाच परत बसवला. मालकाला सांगितलं, गाडीत काय बी न्हाई. डायव्हरचाच हात वढतोय."

"मग?"

"मालकानं त्याला काढलं. गावभर झालं, लिंबाजी पिऊन गाडी चालवतो म्हणून. त्यानं थेंबाला हात लावला न्हवता कधी. दोन महिन्यांनी दुसऱ्या डायव्हरनं तीच गाडी घाटात पलटी केली. क्लीनरचा पाय मोडला. गाडी खोलली तवा दिसलं. लायनर बी गेलते आन् जॉइंट बी गेलता. एक नवा घातला तर दुसरा वढायचा."

"मालकाला सांगितलं नंतर?"

"कुनालाच न्हाई सांगितलं."

बाहेर कुणीतरी गच्चीवर वाळवण राखायला बसलं होतं, चिमण्यांना हुसकत होतं. माझ्या सासऱ्यांना मी किती कमी ओळखते, एवढंच मनात आलं. मग दुसरं काहीतरी मनात आलं आणि मी वही ओढली.

बावीस वेळा पडलं होतं ते मशीन. मी प्रत्येक वेळची ओळ उतरवली होती, पण त्या ओळी एकमेकींशेजारी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या. इंग्रजी अक्षरांची ती सगळी रांग मला एकसारखीच दिसत असे, भीतीनं दिसते तशी. आता बोट ठेवून वाचलं. एकच ओळ नव्हती. दोन होत्या. एक फक्त व्हिडिओ चालू असतानाच आलेली. दुसरी केव्हाही, नुसतं टाइप करतानासुद्धा.

मी वही मामांपुढं धरली आणि दोन बोटं दाखवली. त्यांना ओरडून सांगावं लागलं नाही.

"दोन हायेत," ते म्हणाले.

मेमरीची एक पट्टी खराब होती, आणि ड्रायव्हरही खराब होता. पट्टी काढली की ड्रायव्हर पाडायचा. ड्रायव्हर बदलला की पट्टी पाडायची. आणि आम्ही इमानदारीनं दर वेळी निर्दोष ठरवून त्यांना जागेवर बसवत होतो. एका टायमाला एकच गोष्ट. त्यांचा नियम खोटा नव्हता, बिघाड एकच असेल तिथं तो खराच असतो. बिघाड एकच असेल असं मात्र आपल्याला कुणी लिहून दिलेलं नसतं.

जुना ड्रायव्हर राहू दिला. मित्राच्या मशीनमधली पट्टी एकटी असताना दुसरी ओळ आली होती, म्हणून ती काढली. आणखी एक खोडी निघाली, सिस्टिम चालू होताना नवा ड्रायव्हर आपणहून परत आणून ठेवायची, ते बंद करण्यात संध्याकाळ गेली. एका पट्टीवर मशीन म्हाताऱ्या बैलासारखं चालत होतं, पण चालत होतं. एक तास. दुसऱ्या दिवशी तीन तास. मी कॅमेऱ्यासमोर बसून वर्तमानपत्र टाइप करत होते आणि मामा पत्र्यावर तळवा ठेवून.

त्यानंतरच्या सकाळी ते धोतर बदलून, टोपी झटकून निघाले. कुठं, म्हणून विचारलं तर म्हणाले, नांदूरघाटला जाऊन येतो. मी डबा दिला. ऊन उतरताना ते परत आले, पाय धुतले, ओसरीत बसले. मी पाणी दिलं आणि त्यांच्या समोर, ओठ दिसतील अशी बसले.

"भेटला?"

"भेटला. शेळ्या हायेत त्याच्याकडं आता. वळखलं मला." ते पाणी प्यायले. "मी सांगितलं सगळं. म्हणला, मिस्तरी, मला ठाऊकच हुतं, गाडी वढत हुती म्हणून. तुमी लई उशीर केलाव."

"अजून काय म्हणाले?"

"च्या पाजला." पेला खाली ठेवून म्हणाले, "त्याच्या बायकोनं न्हाई घेतला माझ्याबरोबर. आत निघून गेली. बरोबर हाय तिचं."

माफी मागितली की मोकळं वाटतं, असं लिहायला सोपं आहे. मामा त्या दिवशी मोकळे दिसत नव्हते. दमलेले दिसत होते.

सोमवार आला. मी पहाटेच अंघोळ केली, देवापुढं साखर ठेवली आणि मशीन चालू केलं ते सात वाजताच, कारण अकराला चालू झालं नाही तर? मामांनी दाराबाहेर खुर्ची टाकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हातानंच थोपवत होते. दूधवाल्याला, शेजारच्या काकूंना, एका कुत्र्याला. अकराला पलीकडच्या बाईंचा चेहरा दिसला, नियम सांगितले गेले, आणि कानात एक अनोळखी माणूस बोलायला लागला, कुठल्यातरी गावच्या सभेतला. मी टाइप करू लागले.

सतरावं मिनिट मला घड्याळाशिवाय कळलं. बोटं चालत होती, पण मी बोटांत नव्हतेच, मी त्या पडद्याच्या कडांवर होते, कुठून निळं होतं ते बघत. तेविसावं गेलं. चाळिसावं. बाराच्या सुमाराला वीज गेली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. त्या दिवसापुरत्या मागून आणलेल्या बॅटरीवर मशीन चालू राहिलं, तिचा तो टिक टिक इशारा कानातल्या माणसाच्या बोलण्यात मिसळला. घाम डोळ्यांत उतरला. पुसला नाही. नऊ मिनिटांनी वीज आली. दोन वाजता पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे, मिळालं आम्हाला."

मी उठले नाही. मामा आत आले, त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. ते बंद करायला कुणाचाच हात होईना. आता काम झालं होतं, तरी बंद केलं आणि पुन्हा लागलंच नाही तर, ही भीती आमच्यात इतकी मुरली होती की ते दिवेलागणीपर्यंत तसंच फिरत राहिलं, काही न करता.

निकालाला आठवडा लागेल म्हणाले होते. आठवडा गेला. आठवा दिवसही गेला. मामांनी कपाटाची कुलपं तेल घालून ठेवली. ताईंचा आष्टीहून फोन आला, खोली रिकामी करून ठेवली आहे म्हणून. मामा "हां, हां" म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला.

नवव्या दिवशी आठवडी बाजार होता. मामा वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या बघायला गेले होते. तिखट कुठल्या घरात कुटायचं, हे आम्ही बोललो नव्हतो. ते गेल्यावर अर्ध्या तासानं मेल आला. मी तीनदा वाचला. मग तशीच निघाले, डोक्यावर पदर नाही, पायात एक माझी आणि एक सासूबाईंची चप्पल.

बाजारात उन्हानं कांद्या-लसणाचा वास उठला होता. मामा मिरच्यांच्या ढिगाजवळ उकिडवे बसून एक मिरची उजेडात धरून बघत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले, धापा टाकणारी, विस्कटलेली. त्यांच्या हातातली मिरची ढिगावर पडली.

"परत बंद पडलं?"

मी नाही म्हणायच्या आत ते उठले होते. "चल. उघडून बघू. हाय की अजून येळ मे संपायला," असं म्हणत त्यांनी पाठ फिरवली आणि घराकडं चालायला लागले, झपाझप, टोपी सावरत. माझ्याकडं त्यांची पाठ होती. ओठ दिसत नव्हते. मी गर्दीतून मागं धावले.

"मामा! काम लागलं! मामा, घर सोडायचं नाही!"

मिरचीवाली हसायला लागली. कांदेवाला वळला, तराजू धरलेले हात थांबले, अख्ख्या बाजाराला कळलं. मामा चालतच होते. शेवटी लसूण विकणारी एक म्हातारी उठून त्यांच्या पुढं आडवी झाली, दोन्ही हात पसरून, आणि तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

ते वळले. मी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज न करता, नुसत्या ओठांनी.

मामांनी टोपी काढली आणि तिथंच, लसणाच्या पोत्यावर, बसले.